पोशा तांडेलाचा कान

“बरा होईल का नाय, तेवढंच सांगा बाबा. बाकीचं मागाहून.”

पोशा तांडेल दर्ग्याच्या पायरीवर नीट टेकलाही नव्हता, तोच हे त्याच्या तोंडून निघालं. उजवा हात उजव्या कानावर. गेले कित्येक महिने तो हात तिथंच असायचा, दाढ दुखणाऱ्याचा गालावर असतो तसा.

दाऊदबाबा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय बरं व्हायचंय?”

“कान.”

“दुखतो?”

“नाय.”

“वाहतो?”

“नाय ओ.”

“मी बोलतो ते ऐकू येतं ना?”

“ते येतं. बायको परसातनं शिव्या घालते, त्यापण येतात. तो कान नाय बाबा… दर्याचा कान. तुमी दिलेला.”

बाबांनी तांदळातला एक खडा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, टाकला.

“अस्सं,” ते म्हणाले.

आता दर्याचा कान म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. खुटाळेबंदरात पिढ्यानपिढ्यांची एक रीत होती. होडी खाडीच्या तोंडाशी न्यायची आणि थांबवायची. बोलणं बंद, विडी बंद, खोकलासुद्धा गिळायचा. मग तांडेलानं वल्ह्याची पात पाण्यात खोल सोडायची आणि दांडा कानामागच्या हाडाला लावायचा. लाकडातून दर्या वर चढून येतो. घोळ मासा घुमतो, ढोमा कुरकुरतो, शिंगाळा चिरकतो. ते ऐकून कोण आहे, कुठे आहे, किती आहे, हे ज्याला सांगता येतं तो गावाचा तांडेल. त्याचं बोट जिकडे, तिकडे चाळीस होड्या.

आणि गावाची समजूत अशी, की हा कान जन्माचा नसतो. तो गुरूनं द्यायचा असतो. गुरूची मर्जी फिरली तर तो परतही जातो.

दाऊदबाबा जातीचे दालदी, म्हणजे मुसलमान कोळी. एके काळी त्या किनाऱ्यावर त्यांच्यासारखा ऐकणारा नव्हता. दोन्ही मुलगे एकाच वादळात गेले तेव्हा ते वल्हं खांद्यावर टाकून या टेकडीवरच्या पिराच्या दर्ग्यात आले, ते इथलेच झाले. पोशा त्यांच्यापाशी तीन वर्षं शिकला. नऊ वर्षांपूर्वी कान घेऊन टेकडी उतरला होता, तो आज चढला.

“नऊ वर्षं झाली,” बाबा म्हणाले.

“यायचं यायचं म्हणत होतो. पण सवड कुठं? सहा बंदरांतनं बोलावणी असायची बाबा. पोशा नुसता होडीत बसला तरी जाळं भरतं, असं म्हणायचे लोक. तुमचं नाव मी मोठं केलं.”

“माझं?”

“म्हणजे… आपलं.”

सूप हलत राहिलं.

“गेल्या दिवाळीपासून कमी झालं,” पोशा म्हणाला. “शिमग्यानंतर एकदम गेलं. वल्हं लावतो, तर जसं काय कुणी कानात मेण ओतलंय. लसणीचं तेल घातलं. वैदूनं कसला पाला पिळला, तो आठ दिवस आग आग झाला. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, तुझ्या कानाला धाड भरलेली नाय. त्याला काय कळतंय? तो काय वल्ह्याला कान लावून बघतो?”

“मग?”

“मग पंचांनी सांगितलं. परवा नारळी पुनव. नारळ सोडायच्या आत कान आणला तर वल्हं तुझं, नायतर हाशाच्या हातात. हाशा! माझा चुलतभाऊ. त्याला स्वतःच्या होडीचं इंजिन बिघडलेलं ऐकू येत नाय, तो दर्या ऐकणार.”

बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता. मग तो एकदम खाली आला.

“बाबा… खरं सांगा. तुमीच काढून घेतलात ना?”

बाबांनी आता मान वर केली. डोळ्यांवर पातळ दुधी साय आलेली, पण नजर नेमकी.

“घेऊन काय करू? मला दोन हायत.”

“मग कुणी घेतला?”

“ऊठ. वल्हं आणलंयस?”

“ते टाकून कुठं जातो मी.”

“हौदापाशी चल.”

दर्ग्याच्या मागे जांभ्या दगडात खोदलेला हौद होता. हातपाय धुवायचा. पाणी काळंभोर, स्थिर. बाबांनी पोशाला एका टोकाला बसवलं, पाठमोरा. वल्ह्याची पात पाण्यात, दांडा कानामागे.

“डोळे मीट. मी पलीकडच्या टोकाला उभा राहून तीनदा टाकीन. काय टाकलं ते सांग.”

पोशानं डोळे मिटले. तांडेलकी, नाव, परवाच्या पुनवेला होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहण्याचा मान, सगळं त्या लाकडाच्या टोकाला येऊन बसलं होतं.

टिक्‌.

“तांदळाचा दाणा,” पोशा म्हणाला. मग त्याचा त्यालाच विश्वास बसेना. “दाणा हाय बाबा! एकच. तुकडा हाय, अख्खा नाय.”

“दुसरं.”

हे यायला वेळ लागला. मग काहीतरी पाण्याला नुसतं चिकटल्यासारखं झालं.

“पान. सुकलेलं… नाय, पीस. कोंबडीचं पीस.”

“तिसरं.”

पोशा थांबला. श्वास रोखून थांबला. बराच वेळ गेला. दगडाखाली कुठेतरी बेडूक हालला, तोही त्याला ऐकू आला.

“तिसरं टाकलंच नाय तुमी.”

“नक्की?”

“नक्की. नाय टाकलं. डाव्या अंगाच्या दगडाखाली बेडूक हाय, हवं तर तो सांगतो. पण तुमी काय टाकलं नाय.”

“नाय टाकलं,” बाबा म्हणाले. “कान शाबूत हाय तुझा. दर्याचाच.”

पोशा उठला तो नाचतच. बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, हौदातलं पाणी डोळ्यांना लावलं, वल्ह्याचा मुका घेतला. एवढा पन्नाशीला आलेला गडी, पण हसता हसता रडायला लागला.

“आता बघतोच त्या हाशाला! बाबा, मी निघतो. भरती लागायच्या आत—”

“थांब. मला होडीत घे.”

“तुमाला? आता?”

“खाडीच्या तोंडापर्यंत. बसून बसून पाय आखडलेत.”

पोशानं त्यांना हाताला धरून उतरवलं. आनंदात माणूस कुणालाही कुठेही न्यायला तयार असतो.

ओहोटीचं पाणी थांबलं होतं, भरती अजून लागली नव्हती. त्या मधल्या वेळी दर्या निवलेला असतो. ऊन तापलेलं. श्रावणाचा महिना, पण आभाळात ढगाचं बोटभरही चिरगूट नव्हतं. खडक मागे पडले. आठ वाव खोल पाण्यावर बाबा म्हणाले, “इथं.”

“ही तर घोळीची जागा.”

“ऐक.”

पोशानं वल्हं सोडलं. दांडा हाडाला टेकवला. तोंडावर अजून हसू होतं.

आधी होडीला लागणारं पाणी ऐकू आलं. मग फार लांब, क्षितिजाच्याही पलीकडे, कुठलंसं मोठं जहाज. त्याच्या पंख्याची घरघर. त्या घरघरीच्या खाली तो उतरला.

पूर्वी त्या खाली काय काय असायचं! अगदी तळाला कोलंब्यांची तडतड, फोडणीत मोहरी उडावी तशी, दिवसरात्र, कधी न थांबणारी. शिकताना बाबांनी पहिल्यांदा तीच ऐकवली होती. ही जमीन, म्हणाले होते, हिच्यावर बाकीचं उभं असतं. तिच्यावर ढोम्यांची कुरकुर. आणि आषाढ-श्रावणात, असल्याच दिवसांत, घोळीचं घुमणं. नर माद्यांना हाका मारतात ते. असं वाटायचं, की पाण्याखाली गाव वसलेलं आहे आणि गावात लग्न आहे.

पोशानं वल्हं सरकवलं. दुसऱ्या बाजूनं सोडलं. पुन्हा लावलं. तोंडावरचं हसू केव्हा गेलं, त्याला कळलं नाही.

“काय ऐकलंस?”

“काय नाय.” तो चिडला. “बघा! तिकडं ऐकू येतं, इथं नाय येत. हौदाचा कान वेगळा असेल. मी सांगत होतो—”

“हौदात तिसऱ्या वेळी काय ऐकलंस?”

“काय नाय.”

“का?”

“का म्हणजे? तुमी टाकलंच नव्हतं. जे नाय ते कसं…”

…

वल्हं हातातून सुटलं. ते तरंगत लांब जायला लागलं तरी पोशानं हात पुढे केला नाही. बाबांनीच वाकून ते धरलं.

मग पोशा बोलला.

“तळाची तडतडपण नाय बाबा.”

“नाय.”

“तुमाला ठाऊक होतं?”

“मी रोज येतो खडकावर. ओहोटीला.”

“मग सांगितलं का नाय?”

“कोण विचारायला आलं?”

पोशानं पाण्याकडे पाहिलं. पाणी दिसायला तसंच होतं. तेच निळं, तसंच उन्हात चमकणारं. माणूस मेल्यावरसुद्धा काही वेळ चेहरा ओळखीचाच दिसतो, तसं.

“गेल्या अवसेला एक ऐकला,” बाबा म्हणाले. “घोळीचा नर. एकटाच. हाका मारत होता. तीन दिवस घुमला.”

“मग?”

“कुणी आलं नाय.”

“मग?”

“मग थांबला.”

होडी परत आली.

दर्ग्यात ठकूबाई येऊन बसली होती. ठकूबाई गवळी-धनगरीण. वर सड्यावर तिचं घर आणि अकरा म्हशी. दिवसाआड बाबांना दूध घालायला उतरायची. तिनं दोघांची तोंडं पाहिली.

“कोण गेलं?”

“दर्या गप्प झालाय,” पोशा म्हणाला.

“बरं झालं बाई. रातभर ती गाज. आता तरी झोप लागंल.”

“गाज हाय गं. खालचं गेलं. मासळी… सगळंच.”

“असं व्हय.” ती दुधाचा तांब्या सोडवत म्हणाली. “वाईट झालं तुमचं. पर आमच्या म्हशी काय म्हावरं खात न्हाईत. आमी म्हावऱ्याबिगर जन्म काढला.”

“ठकू,” बाबा म्हणाले, “यंदा सड्यावर गवत किती हाय?”

ठकूबाईचा हात थांबला.

“कुठलं गवत बाबा! या दिवसांत ढोपराला लागायचं, ते घोट्याला लागत न्हाई. पाऊस येतो तो डोकं फिरल्यावानी. चार दिवसांचा एका सकाळी ओतून जातो, अन् मग वीस-वीस दिस तोंड दावत न्हाई. दोन म्हशी आटल्या.”

“पाऊस कुठून येतो?”

“आता हे काय इचारणं? आभाळातनं.”

“आभाळात कोण भरतं?”

ठकूबाईनं हनुवटीनं पश्चिमेला दाखवलं. सहज. रोजच्या सवयीनं. आणि हनुवटी तिकडेच राहिली.

तिथं सगळा दर्याच होता.

“तोच व्हय…” ती म्हणाली.

बाबांनी तांब्या रिकामा करून तिच्या हातात दिला. “पाण्याला हात लावून बघ एकदा. कोमट लागतं. ताप भरलेल्या पोराच्या कपाळावर आपण ओली पट्टी ठेवतो की नाय? सगळ्या जगाला ताप आला, आणि हा पट्टी होऊन पडून राहिला. पट्टी तरी किती काळ गार राहील?”

ठकूबाई उठली. निघताना तिनं दर्याकडे पाहून डोक्यावरचा पदर सावरला, सासरा समोर आल्यावर सावरावा तसा.

ती दिसेनाशी झाल्यावर बाबा पोशाला म्हणाले, “दोन श्वास घे.”

“आं?”

“घे. एक… आता दुसरा.”

पोशानं घेतले.

“काचेच्या नळ्या घेऊन एक शिकलेली बाई यायची इथं. पाणी भरून न्यायची. तिनं एकदा भिंगाखाली थेंब दाखवला मला. हिरवे हिरवे कण, पिठाहून बारीक. म्हणाली, बाबा, जगात जो श्वास हाय ना, त्यातला जवळपास निम्मा यांनी केलेला. म्हणजे तू घेतलेल्या दोनांतला एक दर्याचा. कुठला, सांग.”

“ते कसं सांगणार?”

“मग सोडायचा झाला तर कुठला सोडशील?”

पुढचा श्वास पोशाला जरा जपून घ्यावासा वाटला.

ऊन कलायला लागलं होतं. पोशा पायरीवर बसला होता. आता हात कानावर नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांत.

“म्हणजे बाबा, हे काय माझ्या एकट्यानं झालं नाय.”

“तुझ्या एकट्यानं झालं, असं कोण म्हणतं?”

“नाय… तसं नाय.”

“बोल.”

पोशा जमिनीकडे बघत होता.

“तुमी शिकवलं होतंत. घोळ घुमायला लागली की वल्हं वर काढायचं आणि होडी मागे फिरवायची. लग्नघरात जाळं नाय टाकायचं.”

“मग?”

“पहिली दोन श्रावणं फिरवली. देवाशपथ फिरवली. तिसऱ्या श्रावणात बाहेरच्या बंदरातनं मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या. आपल्या होड्या काठावर शाकारलेल्या, नारळ सुटायचा होता. त्यांचा मालक म्हणाला, तू होडी बाहेर काढू नकोस, रीत मोडू नकोस. तू फक्त आमच्या बोटीवर बस आणि बोट दाखव. बोट दाखवायला काय जातंय?”

“दाखवलंस.”

“एका सकाळी, बाबा… एका सकाळी सगळी घोळ वर आली. माद्या सगळ्या गाबोळीनं, अंड्यांनी टच्च भरलेल्या. बोटीच्या फळ्यांवर गाबोळी सांडली. मी ढोपरापर्यंत तिच्यात उभा होतो. नर घुमत होते, वर येऊनसुद्धा. हवेत घुमत होते. लोक हसत होते, म्हणाले, तांडेल, वल्ह्याबिगर ऐकू येतंय की!”

त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले.

“मीपण हसलो.”

…

“मग दर श्रावणात गेलो,” पोशा म्हणाला. “सहा श्रावणं. तेच म्हणायचे, तुझ्यासारखा कान नाय.”

दूर कावळे ओरडत होते.

“पण पाणी काय मी तापवलं नाय,” पोशा पुन्हा म्हणाला. “ती कारखान्यांची घाण मी सोडली नाय खाडीत. त्या बोटी माझ्या नव्हत्या. माझा एकट्याचा दोष नाय.”

“नाय,” बाबा म्हणाले. “एकट्याचा नाय.”

पोशाचे खांदे जरा सैल झाले.

“पण ऐकणारा तू एकटाच होतास.”

खालून इंजिनाचा आवाज आला. पोशानं वळूनही पाहिलं नाही. गावची प्रत्येक होडी तो आवाजावरून ओळखायचा.

“धर्मानाखवा आलाय,” तो म्हणाला. “हाशापण असेल. निकाल न्यायला आलेत.”

एकाएकी तो पायऱ्यांवरून सरकत बाबांच्या जवळ आला. त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

“बाबा, एक करा. सांगा त्यांना, माझा कान गेला म्हणून.”

“तो तर आणायला आला होतास.”

“नको मला. खरंच नको. तुमच्या तोंडून सांगा, पोशा बहिरा झाला, आता वल्हं हाशाला द्या. तुमचं ऐकतील. माझं काय, मी जाळी विणत बसेन. पण गावाला काय सांगू मी? चाळीस होड्या रंगवून उभ्या हायत. पोरीबाळींनी नवीन लुगडी काढलीत. परवा नारळ सोडणार, गाणी म्हणणार, आणि मी त्यांना काय सांगू, कुणासाठी सोडताय म्हणून?”

“मग परवा होड्या जातील.”

“जाऊ देत.”

“हाशा वल्हं लावेल.”

“लावू दे.”

“काय ऐकेल?”

पोशानं मान फिरवली.

“काय ऐकेल हाशा?”

“काय नाय.”

“मग?”

“मग… म्हणतील, त्याचापण कान गेला.”

“मग?”

“मग दुसऱ्या कुणाला देतील.”

“तोपर्यंत होड्या जात राहतील. जे चार जीव उरले असतील, ते गाळत राहतील. आणि गावात एकेक माणूस बहिरा होत जाईल. किती कान घालवशील, पोशा?”

“पण खरं सांगितलं तर काय होईल? दर्या परत बोलेल?”

“ठाऊक नाय.”

“तुमालापण ठाऊक नाय?”

“नाय.”

“मग खरं सांगून मिळणार काय? उद्या तेच मला विचारतील, श्रावणात मोठ्या बोटींवर कोण बसलं होतं. ठाऊक हाय सगळ्यांना. मासळी मिळत होती तोवर कुणी बोललं नाय. आता बोलतील. माझी बायको पाणवठ्यावर जाते बाबा. माझ्या लेकीचं लग्न ठरायचंय…”

पावलं पायऱ्या चढत होती. जड श्वास ऐकू येत होता. पोशानं बाबांचे हात सोडले, आणि पुन्हा धरले.

“एक शब्द बाबा. गेला म्हणा. तेवढंच.”

बाबांनी हात सोडवून घेतले नाहीत.

धर्मानाखवा वर आला. गावाच्या पंचांचा मुख्य, अंगानं आडवा, टेकडी चढून घामानं निथळलेला. मागे हाशा. हाशाच्या हातात नवंकोरं वल्हं होतं, आणि ते कुठे लपवावं हे त्याला कळत नव्हतं.

“सलाम बाबा,” नाखवा धापा टाकत म्हणाला. “माझ्यासारख्यानं तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी दोन किलो उतरवायला पायजेत. उद्यापर्यंत थांबणार होतो, पण गावात कुणाला दम नाय. बाया तर देवळात बसल्यात.” त्यानं पोशाकडे पाहिलं. पोशाचं तोंड राखेसारखं झालेलं. नाखव्याच्या आवाजातली थट्टा गेली. “काय रं पोशा? आं?… असा का बसलायस?”

“पोशादादा,” हाशा म्हणाला. “मला नकोय रे वल्हं. पंचांनी दिलं म्हणून आणलं. तुझा बरा झाला असेल तर मी आत्ता हे पाण्यात टाकतो.”

पोशानं त्याच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोन्ही हात छातीशी जोडलेले.

नाखव्यानं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं.

“तुमीच सांगा बाबा. सगळं गाव वाट बघतंय. आमच्या तांडेलाचा कान बरा हाय का?”

खाली भरती लागली होती. खडकांवर पाणी येत होतं, जात होतं.

दाऊदबाबांनी जोडलेल्या हातांकडे पाहिलं. हाशाच्या हातातलं कोरं वल्हं पाहिलं. मग ते हळूच उठले, आणि पोशा आणि नाखवा यांच्या मधून बाजूला झाले.

“कान शाबूत हाय, नाखवा,” ते म्हणाले. “तोंड हाय का, ते आता तुमी बघा.”